मदत हवी आहे: वाटाघाटीचा अख्खा प्रसंग एका फाशात संपतो

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. खेळ मी चालवतो. पाच खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलला. बार्डचा (गाणाऱ्या-बोलणाऱ्या पात्राचा) कॅरिस्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) १८ आणि पर्स्वेजनमध्ये (मन वळवण्यात) एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य), म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर +१०. डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) १५ ठेवला तर ८० टक्के वेळा जमतं. २० ठेवला तर कुणीतरी हेल्प करून ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) मिळवून देतं आणि आकडा परत ८० वरच येतो. बाकीचे चौघे नुसते बघत बसतात. उलट जो खेळाडू मुळात बोलका आहे, तो कॅरिस्मा ८ असूनही गप्पांच्या जोरावर हवं ते काढून घेतो. पुढच्या सेशनला नदीवरचा पूल अडवून बसलेला एक सरदार आहे, पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाला) जखमी लोकांसह पलीकडे जायचंय. हा प्रसंग कसा बांधू?

प्रतिसाद १

डीसी वाढवू नका, त्याने फक्त बार्डची शिक्षा होते. डीएम गाइडमधला (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकातला) संभाषणाचा तक्ता काढा. त्यात डीसी ०, १० आणि २० एवढंच आहे, आणि समोरचा मित्र, तटस्थ की शत्रू यावर काय पदरात पडतं ते ठरतं. तटस्थ माणूस १० ला स्वतःला झळ लागणार नसेल तर काम करतो, २० ला थोडी झळ सोसतो. शत्रू २० लासुद्धा फुकटात होण्यासारखंच काम करतो. म्हणजे बार्डने एकूण ३० आणले तरी शत्रू सरदार पूल सोडणार नाही, फार तर निरोप वर पोचवेल. नॅचरल २० (फाशावरच २०) पडला तरी तेच. ॲबिलिटी चेकमध्ये (पर्स्वेजनसारख्या कौशल्याच्या फाशात) २० म्हणजे आपोआप यश नव्हे, हे टेबलावर आधीच सांगून ठेवा.

चाव्या फाशात नाहीत, सरदारात आहेत. कार्डावर चार ओळी लिहा: त्याला काय हवंय, कशाची भीती आहे, तो काय देऊ शकतो, कशाला मेला तरी हो म्हणणार नाही. उदाहरणार्थ: शिपायांचा थकलेला पगार, वरिष्ठांना कळण्याची, रात्री दोन तास पहारा ढिला, शस्त्रांसह कुणालाही सोडणं. पार्टीने पगाराची गोष्ट शोधून ती बोलण्यात आणली की शत्रूचा तात्पुरता तटस्थ करा. आणि तो शोध बाकीच्या चौघांचं काम आहे. रोगने (चोरट्या पात्राने) छावणीत कान लावायचा, क्लेरिकने (पुजारी पात्राने) जखमी शिपाई तपासायचा, फायटरने (लढवय्या पात्राने) पहारेकऱ्यांशी बोलायचं. बार्ड शेवटी बोलेल, पण इतरांनी आणलेल्या मालावर.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर: फासा कधी टाकायचा हे ठरवून घ्या. "मी पर्स्वेजन टाकतो" हे वाक्य स्वीकारूच नका. आधी दोन उत्तरं घ्या: नेमकं काय मागताय, आणि कशाच्या जोरावर? "माझं पात्र त्याला पगाराची आठवण करून देतं" एवढं तृतीयपुरुषी सांगितलं तरी पुरे. त्यामुळे बुजऱ्या खेळाडूची अडचण मिटते आणि बोलक्याला फुकट गुण मिळत नाहीत. मुद्दा चांगला असेल तर ॲडव्हांटेज द्या, पण फासा पात्राच्याच आकड्यावर पडू दे. मुद्द्याने शंकाच उरली नसेल तर फासा नकोच.

प्रसंग लांबवायचा म्हणून सलग तीन यशं मात्र मागू नका. एकेका फाशाला ६५ टक्के शक्यता असली तरी तिन्ही जमण्याची शक्यता जेमतेम २७ टक्के उरते. त्यापेक्षा सहा घरांचं क्लॉक (घरं भरत जाऊन प्रगती दाखवणारं वर्तुळ) काढा, ते भरलं की बोलणी यशस्वी: यशाला दोन घरं, नवा मुद्दा आणला तर आणखी एक. शेजारी सरदाराच्या सहनशीलतेची तीन घरं. प्रत्येक अपयशाला किंवा तोच मुद्दा पुन्हा उगाळला की त्यातलं एक घर खोडून टाका. सहनशीलता संपली तरी दार बंद करू नका, किंमत वाढवा. "जा, पण शस्त्रं इथे ठेवून." दोन्ही क्लॉक सगळ्यांना दिसतील अशी ठेवा, नाहीतर खेळाडूंना आपण कुठे आहोत हेच कळत नाही आणि ते तलवार उपसतात.

प्रतिसाद ३

सरदार तयारीतला आहे, पण वाटेत अचानक भेटणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी डी अँड डीच्याच १९८१ च्या बेसिक संचातला २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) प्रतिक्रिया तक्ता अजून उत्तम चालतो. २ ला सरळ हल्ला, ३ ते ५ वैर, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ ला हल्ला नाही, बोलणी ऐकतील, १२ ला दोस्ती. ३६ पैकी १६ वेळा संभ्रमच येतो, आणि बोलायला जागा तिथेच असते.

धागाकर्ता

कार्ड आणि दोन क्लॉक नक्की करतो. एकच राहिलं: प्रत्येक वाक्यानंतर पार्टी "इन्साइट, खोटं बोलतोय का?" विचारते (इन्साइट म्हणजे समोरच्याचा हेतू ओळखण्याचं कौशल्य). दर वेळी फासा देऊ का?

प्रतिसाद २

एका मुद्द्याला एकदाच. आणि उत्तर "खोटं" किंवा "खरं" असं देऊ नका, दिसतं ते सांगा: "पगाराचं नाव काढल्यावर त्याने मागच्या शिपायांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला." फासा फसला तर चुकीची माहिती नको, "चेहऱ्यावरून काही कळत नाही" एवढंच. चुकीचं सांगितलंत की आकडा बघितलेले खेळाडू उलटंच गृहीत धरतात.