कामगार कायदा: वैयक्तिक आणि सामूहिक भाग एकत्र कसा अभ्यासावा? सल्ला हवा

सायली_विधी:
नमस्कार. एलएलबीच्या या सत्रात आम्हाला कामगार कायदा आहे. नेमणूक, वेतन, बडतर्फी, कामगार कपात हा वैयक्तिक भाग एक प्राध्यापक शिकवतात. युनियन, वाटाघाटी, संप, टाळेबंदी हा सामूहिक भाग दुसरे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वर्गात जाणवतच नाही. त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण वाचायला दिलेले निकाल सगळे जुन्या कायद्यांवरचे. सुरुवात कुठून करू? पुढे कामगारांच्या बाजूने वकिली करायची आहे, त्यामुळे नुसतं पास होण्यापुरतं नको.

सनदधारक:
सायली, कलमं पाठ करत बसू नका. बडतर्फ झालेला एक कामगार डोळ्यांसमोर ठेवा आणि त्याचं प्रकरण शेवटपर्यंत न्या.

पहिला प्रश्न, तो व्याख्येत बसणारा कामगार आहे का? इथे ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा सर्वोच्च न्यायालयाचा 1957 चा निकाल वाचा. मिठागरातले अगारिया स्वतः माणसं लावून काम करून घेत, तरी कामाच्या पद्धतीवर नियंत्रण कंपनीचं होतं, म्हणून ते कामगार ठरले. आता सामाजिक सुरक्षा संहितेतली गिग कामगाराची व्याख्या शेजारी ठेवा. ती पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरची आहे. ॲपवर काम करणाऱ्याच्या कामावर नियंत्रण नक्की कोणाचं, हा प्रश्न तुमच्या पिढीच्या वकिलांना लढवायचा आहे.

पुढे कंपनीने दिलेलं आरोपपत्र, कंपनीतली चौकशी, शिक्षा. शिक्षा फार कडक असेल तर ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला 1971 मध्ये जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 11अ ने मिळाला. त्यावर फायरस्टोनचा 1973 चा निकाल संपूर्ण वाचा, नोट्समधला सारांश नको.

आणि तुमचे दोन भाग जिथे भिडतात ती जागा म्हणजे त्याच कायद्यातलं कलम 2अ. 1965 पर्यंत एकट्याची बडतर्फी हा औद्योगिक विवाद होण्यासाठी युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी ती उचलून धरावी लागे. कोणी पाठीशी उभं राहिलं नाही तर माणूस संपला. 2अ आल्यावर बडतर्फी आणि कपातीपुरता तो एकटाही विवाद उभा करू शकला. औद्योगिक संबंध संहितेत हीच गोष्ट औद्योगिक विवादाच्या व्याख्येत घातली आहे. पगारवाढीसाठी मात्र आजही एकट्याचं चालत नाही. असं का, यावर पानभर लिहून पाहा. दोन्ही भाग जोडले जातील.

मधुरा_संशोधक:
सरांशी सहमत, फक्त सामूहिक भागाला इतिहासाशिवाय हात घालू नकोस. मुंबईचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनकडे होता आणि कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे होते. तो कायदा रद्द करा, हीसुद्धा संपाची एक मागणी होती. बहुमत कोणाचं हे कसं ठरवायचं, सभासद नोंदणीवरून की गुप्त मतदानाने, हा प्रश्न तिथे नीट कळतो. मग औद्योगिक संबंध संहितेतली 51 टक्क्यांची अट वाच. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर तेवढे सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाट करते. तितके कोणाकडेच नसतील तर युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते.

संपाच्या अधिकारावर सर्वोच्च न्यायालयाचा रंगराजन खटल्यातला 2003 चा निकाल वाच, पण त्याआधी बँक कर्मचारी संघटनेचा 1962 चा निकाल. संघटना करण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क येत नाही, ही भूमिका तिथे मांडली गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 87 आणि 98 हे करारही बघ, भारताने ते स्वीकारलेले नाहीत.

विधिमित्र:
मी थोडं उलटं सांगेन. आधी संहिता वाच, निकाल नंतर. एक वही कर: डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, मध्ये काय बदललं ते. म्हणजे संपाची 14 दिवसांची नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयोगितेच्या (रेल्वे, वीज, पाणी अशा) सेवांपुरती होती, आता सगळ्या औद्योगिक आस्थापनांना. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. कामगार कपातीला सरकारची परवानगी पूर्वी 100 कामगारांपासून लागे, आता 300 पासून. यातल्या प्रत्येक बदलाचा फायदा कोणाला, हे स्वतः ठरव.

सायली_विधी:
वहीची कल्पना आजच सुरू करते. एक विचारायचं राहिलं: प्रत्यक्ष कामकाज बघायला कुठे जाऊ? उच्च न्यायालयात?

सनदधारक:
उच्च न्यायालयात नंतर जा. आधी कामगार न्यायालयात उलटतपासणीच्या दिवशी बसा. चौकशी अधिकाऱ्याला कामगाराचा वकील काय विचारतो, कोणता कागद पुढे करतो, हे टिपून ठेवा. जमलं तर समेट अधिकाऱ्यासमोरच्या बैठकीला एखाद्या युनियन प्रतिनिधीबरोबर जाता येतं का, विचारून बघा. वाद न्यायालयात जाण्याआधी बरंच काही तिथेच ठरतं.