प्रति: डायलवरचे २ ते ४३ हे आकडे कसले?

जुन्या जर्मन रेडिओच्या डायलवरचे हे आकडे निव्वळ सजावट नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन सेटवर मेगाहर्ट्झच्या पट्टीशेजारी दिसतात ते एफएमचे चॅनेल क्रमांक. हिशेब सोपा: क्रमांकाला ०.३ ने गुणा, त्यात ८७ मिळवा. म्हणजे १० नंबर ९० मेगाहर्ट्झ, २० नंबर ९३.

जर्मनीला एफएमची एवढी घाई का? १९४८ च्या कोपनहेगन परिषदेत मध्यमलहरींच्या (मीडियम वेव्ह) फ्रिक्वेन्सींच्या वाटपात तिच्या वाट्याला फारच थोडं आलं. मग १९४९ मध्ये म्युनिकला एफएम सुरू झालं. श्रोत्यांना ‘९३.०’पेक्षा ‘२० नंबर’ लक्षात ठेवणं सोपं, हे उघडच आहे. अमेरिकेची तऱ्हा वेगळी; तिथे २०१ म्हणजे ८८.१, पुढे ०.२ ची पायरी, ३०० पर्यंत.

असा जर्मन सेट मुंबईत लावणार असाल तर ९८.३ हे ३७ आणि ३८ च्या मध्ये, ३८ कडे झुकून सापडेल. पण १९५० च्या दशकातल्या बऱ्याच सेटचा डायल १०० लाच संपतो, त्यामुळे आकाशवाणीचं १०७.१ विसरा. त्यासाठी आतलं ट्यूनिंग सरकवणारे आहेत. मी तरी चांगल्या सेटला हात लावणार नाही.