देजाव्हूचं जुनं प्लगइन शोधत बसू नका
स्कॅन केलेली जुनी गॅझेटियरं ब्राउझरमध्येच उघडावीत म्हणून देजाव्हूचं (DjVu, स्कॅन केलेल्या पानांसाठीचा फाईल फॉरमॅट) प्लगइन कुठं मिळेल, असं वर विचारलंय. मिळालं तरी चालणार नाही. ते ज्या एनपीएपीआयवर (ब्राउझरला प्लगइन जोडायची जुनी पद्धत) चालायचं, तो आधार क्रोमनं २०१५ मध्ये काढला आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, तांबड्या-पांढऱ्याचं जेवण थंड झालं ते वेगळंच.

आता देजाव्हू.जेएस नावाचं एक्स्टेंशन टाका, पान तिथंच उघडतं. फाईल मोठी असेल तर सरळ उतरवून सुमात्रा पीडीएफ या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये बघा.

एक मात्र सांगतो. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात पणजोबांच्या वेळची मोडी कागदपत्रं निघाली, ती मी याच फॉरमॅटमध्ये ठेवली होती. यात शाई आणि कागद वेगळे काढतात: अक्षरं साधारण ३०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके), मागचा पिवळट कागद १०० ला. म्हणून फाईल इवलीशी होते. पण जास्त दाबलं की सारखे दिसणारे आकार एकाच चित्रानं भरले जातात. छापील मजकुरात सहसा खपून जातं, मोडीत नाही. शिवाय एका खतावर शाई इतकी उडाली होती की सहीची शेपटी कागदाच्या डागातच गेली. मोडी वाचणाऱ्या काकांनी भिंग लावून विचारलं, "सही कुठाय रे?" तेव्हापासून स्कॅनची मूळ टिफ फाईल मी पुसत नाही.