वाचनालयाच्या पेजला लाइक मिळतात, सभासद मिळत नाहीत. बूस्टसाठी पैसे घालू का?

देवघेव खिडकी
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची मी कार्यवाह. शासनाच्या वर्गवारीत ‘ब’ वर्ग, १४ हजारांच्या आसपास पुस्तकं, एक ग्रंथपाल, एक शिपाई. करोनाच्या आधी ४१० सभासद होते, आज नियमित वर्गणी भरणारे १८० उरलेत.

दीड वर्षापूर्वी एका कार्यकारिणी सदस्याच्या मुलाने फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामचं खातं काढून दिलं. त्यावर आम्ही जयंती-पुण्यतिथीची अभिवादनं, सणांच्या शुभेच्छा आणि सत्काराचे फोटो टाकतो. शाल, श्रीफळ, मागे बॅनर. प्रत्येक पोस्टला तीस-चाळीस लाइक येतात, ते सगळे ओळखीतलेच. पेज बघून वाचनालयाची पायरी चढलेलं एकही माणूस मला आठवत नाही.

आता दिवाळी अंकांची योजना तोंडावर आलीय. दरवर्षी ८०-९० अंक घेतो. गेल्या वर्षी त्यातले निम्मे अंक कुणी उघडलेसुद्धा नाहीत, मार्चमध्ये गठ्ठे बांधताना पानं कोरी करकरीत होती. फार वाईट वाटलं. एवढं लिहिलेलं, छापलेलं, आपल्या दारात आलेलं, आणि गावापर्यंत पोचत नाही.

कार्यकारिणी म्हणते पोस्ट बूस्ट करा, म्हणजे फेसबुकला पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवा. अनुदानात ते बसत नाही, पण पदरचे दोन हजार घालायची माझी तयारी आहे. घालू का? शिवाय पेज काढणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलाय, पासवर्ड त्याच्याकडेच आहे.

सांगलीकडचा ग्रंथपाल
ताई, दोन हजार जपून ठेवा. आधी पेज ताब्यात घ्या. त्या मुलाकडे पासवर्ड मागू नका, तो त्याच्या खासगी खात्याचा असतो. तुम्हाला आणि तुमच्या ग्रंथपालांना पेजचा पूर्ण ताबा द्यायला सांगा, त्याच्या मोबाइलवरून पाच मिनिटांत होतं. दोघांना द्या, म्हणजे एक जण गावाला गेला तरी काम अडत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पेजवर वाचनालयाची माणसं दिसतात, पुस्तकं दिसत नाहीत. आमचंही असंच होतं. २०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी परत आलेलं पुस्तक कपाटात लावायला घेतलं. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघितली. पहिला शिक्का १९८७ चा. तिथून २००४ पर्यंत शिक्क्यावर शिक्का, काही ठिकाणी शाई एकमेकांत उतरलेली. मग एकदम कोरी जागा, आणि खाली त्या महिन्याचा ताजा जांभळा शिक्का. पुस्तक नेणारी मुलगी अकरावीतली. मी फक्त त्या चिठ्ठीचा फोटो काढला. खाली लिहिलं की हे पुस्तक १८ वर्षं कपाटातच होतं, काल एका मुलीने परत केलं आणि ‘याच लेखकाचं दुसरं आहे का’ असं विचारलं. तिचं नाव घातलं नाही. शेवटी दाखलअंक (पुस्तकाचा आमच्या नोंदवहीतला नंबर), आमची वेळ आणि वर्गणी किती ते लिहिलं. त्या आठवड्यात तेच पुस्तक मागायला तिघे आले, त्यातले दोघे सभासद झाले. पैसा एकही लागला नाही.

दिवाळी अंकांचं तसंच करा. ‘अंक आले’ म्हणून गठ्ठ्याचा फोटो नको. रोज एकच अंक घ्या, मुखपृष्ठ दाखवा आणि त्यातला एखादा लेख कशावर आहे ते चार ओळींत सांगा. पण त्या ओळी अंक स्वतः वाचून लिहा. न वाचता लिहिलेलं लोकांना लगेच कळतं.

गावात फेसबुकपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप चालतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो. तिच्यात २५६ जण बसतात, म्हणजे तुमचे १८० आरामात मावतील. मात्र ज्याने वाचनालयाचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. आमचे निम्मे मेसेज वर्षभर कुणाला पोचतच नव्हते, कारण हेच. तेव्हापासून वर्गणीची पावती फाडताना समोरच नंबर सेव्ह करून घेतो. ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि बायका-मुली बाहेर पडतात.

रात्रपाळी
मी वाचक म्हणून सांगतो. नवीन गावात बदली झाली तेव्हा पहिल्यांदा गूगल मॅपवर वाचनालय शोधलं. संध्याकाळी आठपर्यंत उघडं असल्याचं दिसत होतं. साडेसहाला पोचलो तर कुलूप. परत गेलोच नाही. मॅपवरची नोंद वाचनालयाच्या नावे करून घ्यायला पैसे लागत नाहीत. वेळ, सुट्टीचा वार आणि दाराचा फोटो एवढं आधी नीट करा.

जुना कोषाध्यक्ष
सत्काराचे फोटो पूर्ण बंद करू नका. आमच्या इमारतीच्या छपरासाठी ज्यांनी देणगी दिली त्यांना आपलं नाव पेजवर बघून समाधान वाटलं, आणि त्यातूनच पुढचे दोन देणगीदार आले. महिन्यातून एक ठेवा. बालविभागातल्या मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. आणि अंकातली अख्खी कविता किंवा कथा फोटो काढून टाकू नका, त्यावर लेखकाचा हक्क असतो.
बूस्ट करायचंच असेल तर दिवाळीच्या आठवड्यात करा, आणि गावाभोवतीचे दहा-बारा किलोमीटरच निवडा. नाहीतर पोस्ट बघणारे भलतीकडचेच निघतात.

देवघेव खिडकी
पाच आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार. पेज हातात आलं. मॅपवर आमची वेळ खरंच चुकीची होती, दुरुस्त केली. १८० पैकी ९७ जणांकडे वाचनालयाचा नंबर सेव्ह नव्हता. ग्रंथपाल मॅडम आणि मी एकेकाला फोन करून तो करून घेतला.

रोज रात्री एक अंक वाचते आणि सकाळी चार ओळी टाकते. आतापर्यंत २३ झाले, नवे सभासद ११. बूस्ट केलेलं नाही. काल दुपारी एक रिक्षावाले दादा आले. आमच्या पोस्टचा स्क्रीनशॉट मोबाइलवर उघडून काचेला टेकवला आणि म्हणाले, “ताई, हा ऊसतोडीवरचा लेख ज्यात आहे तो अंक द्या.” अंक बाहेर गेलेला होता. मागणीच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं, चौथा नंबर आहे.