सुकाणू म्हणजे पुढचं चाक की मागचं पातं?

मांडवीकाठ
गोव्यात बेतीला ओळखीच्या एकाची स्की बोट आहे, पाण्यावर स्की करणाऱ्यांना ओढणारी. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता हंगाम सुरू होणार म्हणून पाण्यात सोडायला घेतली, तर स्टिअरिंग हलेना. मालकाने माहितीपत्रक माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, शेडमधल्या पोरांसाठी मराठीत एक पान लिहून दे. दोघेही देवगडचे. मी लिहिलं : 'केबल मागच्या टोकाला सोडा आणि सुकाणू हाताने फिरवून बघा. जड लागलं तर त्याच्या दांड्याचं पॅकिंग तपासा, हलकं लागलं तर दोष केबलचा.'

पोराने केबल सोडली, पुढे जाऊन चाक फिरवलं आणि मला फोन केला, "सुकाणू जड आहे." झालं. अख्खा दिवस पॅकिंग उकरून नवं भरण्यात गेला आणि चाक होतं तसंच घट्ट. मागे पातं बिचारं एका बोटाने हलत होतं, ते कुणी बघितलंच नाही. केबलच गंजली होती.

तर प्रश्न दोन. सुकाणू नक्की कशाला म्हणायचं? आणि त्या केबलला मराठीत काय लिहू? पान सुधारून भिंतीवर लावायचंय.

तळटीप
पाण्यात असतं ते सुकाणू, हातात असतं ते चक्र. तुमचं वाक्य बरोबर होतं. पोराचं चुकलं.

मालवणी खाजं
पोराचं कसं चुकलं हो? 'पक्षाचं सुकाणू हाती घेतलं' असं रोज छापून येतं, तेव्हा पुढारी काय पाण्यात उतरून पातं धरतात? माझे काका होडी चालवायचे. तिथे पात्याच्या डोक्यावरच दांडा बसवलेला, दांडा काखेत धरून बसायचं. पातं आणि मूठ एकच वस्तू, म्हणून एका शब्दात भागलं. तुमच्या स्की बोटीत पातं मागे, चाक पुढे, मध्ये ही लांबलचक केबल. शब्दाने कुठल्या टोकाला बसायचं ते तुम्हीच सांगा.

तळटीप
हाती घेणं ही लक्षणा झाली. लक्षणेवर बोट दुरुस्त होत नाही.

मालवणी खाजं
वाच्यार्थावर पण नाही झाली. एक दिवस गेला ना?

शुद्धमती
मुळात 'सुकाणू' कशाला हवा? अरबी 'सुक्कान'वरून आलेला तो. आपला शब्द आहे 'कर्ण'. कर्ण धरतो तो कर्णधार. महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का? 'कर्णरज्जू' लिहा, प्रश्न मिटला.

मालवणी खाजं
'कर्णरज्जू जड झाली' असा फोन आला तर मांडवीकाठ त्या पोराला कानाच्या डॉक्टरकडे पाठवतील. आणि अरबी-फारसी उतरवायचंच असेल तर खलाशी, सारंग, नाखवा सगळेच उतरवा. मग दर्या आणि बंदरही परत करा. बोट ठेवा शेडमध्येच.

शुद्धमती
थट्टा सोपी असते. माझं तर मत आहे की सुकाणूसुद्धा 'सु + कर्ण' असाच झालेला असणार. कर्णाचा कान झाला, त्याला सु लागला.

तळटीप
दोन प्रतिसादांपूर्वी तो अरबी होता. शिवाय कर्णाचा 'कान' होतो, 'काण' नाही.

अंत्रुजकर
आमचे आजोबा पोर्तुगीज काळात मोटार चालवायचे. स्टिअरिंगला शेवटपर्यंत 'व्होलांत' म्हणत. पोर्तुगीजात दोराला 'काबो' म्हणतात. दोना पावलाच्या राजभवनाला काबो म्हणतात ते त्यावरूनच. तिथे जहाजांचे दोर बांधत असणार.

तळटीप
तो काबो म्हणजे भूशिर, काब द रामवाला. लॅटिनच्या 'कापुत'वरून, म्हणजे डोकं. दोराचा काबो 'कापुलुम'वरून आला. दोन वेगळे शब्द कानाला एक झालेत. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'केबल'ही याच कापुलुमचा. म्हणजे दोर आणि केबल मुळात एकच.

अंत्रुजकर
मग दोरच लिहा की! देव बरें करूं. सुटलं.

गिअरबॉक्स
थांबा. माझं म्हापशात दुचाकीचं गॅरेज आहे. आम्ही 'क्लचची वायर', 'ब्रेकची वायर' म्हणतो, कारण ती फक्त ओढते, परत आणायला स्प्रिंग असते. बोटीची ही केबल एका बाजूला ओढते आणि दुसऱ्या बाजूला ढकलते. दोराने काही ढकलून दाखवा! जुन्या बोटींत ड्रम आणि कप्प्यांवरून तारेचा दोर फिरवलेला असे, त्याला दोर म्हणा खुशाल. हिला नाही.

आणखी एक. आउटबोर्ड बोटीला, म्हणजे जिचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं असतं तिला, पातं नसतंच, अख्खं इंजिन वळतं. स्की बोटीत इंजिन आत आणि पंख्याच्या मागे पातं, म्हणून तुम्हाला सुकाणूचा वाद परवडतो.

जाता जाता कामाचं : नवी केबल घेताना जुनीच्या आवरणावरचा आकडा वाचा, लांबी त्यात असते. नवीचं टोक जुनीच्या शेपटाला बांधून ओढा, म्हणजे रस्ता चुकत नाही. वळणं मोठी ठेवा. ग्रीस बाहेरच्या दांडीला लावा, आवरणात कोंबू नका.

शुद्धमती
ओढते आणि रेटते, तर 'ओढरेट'.

मालवणी खाजं
हे शेअर बाजारातलं वाटतंय.

अबोली
त्या 'टोक बांधून ओढा'ला आमची आई 'ओवणे' म्हणाली असती. नाडी ओवतात तशी केबल ओवायची. जुन्या नाडीलाच नवी बांधून ओढतात, अगदी हेच. क्रियापद इतकं चांगलं असताना तुम्ही सगळे नामांवर का भांडताय?

तळटीप
ओवणे सुईदोऱ्याचं, फुलांचं. १७ फुटांची केबल 'घालतात'.

अबोली
नाडी सुईत घालता का तुम्ही?

मांडवीकाठ
बरंच कळलं, पण पान अजून कोरंच आहे. दरम्यान काल पोरांनी केबल बदलली. मी त्यातल्या एकाला सहज विचारलं, तू हिला काय म्हणतोस रे? म्हणाला, "सळी. आतली सळी गेलेली, नवी टाकली." सुकाणू दोन्हीकडून खोडून मी आता 'पुढचं चाक' आणि 'मागचं पातं' लिहितोय. सळी लिहावं का, एवढंच सांगा.

तळटीप
सळी नव्हे, सळई.

मालवणी खाजं
आमच्याकडे सळीच.