चवदार तळं खुलं कोणी केलं: ठरावानं की ओंजळीनं?

रानवारा:
ठराव झाला, जाहीरनामा निघाला, की काम झालं असं आपण धरून चालतो. मला हे धोक्याचं वाटतं. महाडचंच बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तसाच ठराव केला. पुढची तीन वर्षं चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची, अस्पृश्य मानलेला माणूस नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, तेव्हा ते पाणी मिळालं. शब्द दप्तरात पडून होते.

सावित्रीकाठ:
तारखा बरोबर, निष्कर्ष पटत नाही. ती हजारो माणसं महाडला आली कशी? आंबेडकरांचं 'मूकनायक' पाक्षिक जानेवारी १९२० मध्येच सुरू झालं होतं. वाचता न येणाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवत असणार. शिवाय पालिकेचा ठराव होता म्हणूनच 'आम्ही आमचा मंजूर हक्क बजावतोय' असं ठणकावून सांगता आलं. तो नसता तर त्याच माणसांना घुसखोर ठरवणं किती सोपं होतं!

रानवारा:
मग त्याच दिवशी पुढे काय झालं तेही सांगा. 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. बायका-पोरांनाही सोडलं नाही. तीन वर्षांपूर्वीचा ठराव कुणाला हलवू शकला नाही, एका खोट्या वाक्यानं गाव पेटलं. नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली आणि ऑगस्टमध्ये पालिकेनं ठरावच मागे घेतला. लिहिलेलं इतक्या सहज पुसता येतं.

घाटमाथा:
अफवेचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. शब्दांत ताकद आहे, फक्त ती आधीपासून असलेल्या द्वेषाच्या बाजूनं लवकर धावते. म्हणून तर चांगले शब्द पुन्हा पुन्हा बोलावे लागतात.

जुना_वकील:
कोर्टाचा भाग राहिला. सवर्णांनी दावा लावला आणि डिसेंबर १९२७ मध्ये तळ्यावर जायला मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी तो मानला, तळ्यावर जाणं थांबवलं आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं आला तो मार्च १९३७ मध्ये. तोही कशावर? वादींना आपली रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध करता आलं नाही म्हणून. अस्पृश्यता अन्याय आहे, यावर तो निकाल उभा नव्हता. तशी बंदी लिहून यायला संविधानाचं कलम १७ यावं लागलं. दहा वर्षं लढून मिळालेला विजय इतका अरुंद होता, हे मला आजही सलतं.

रानवारा:
आणि कलम १७ नंतर? हातानं मैला साफ करायला लावण्यावर २०१३ चा कायदा आहे. माणसं आजही गटारात उतरवली जातात आणि गुदमरून मरतात.

सावित्रीकाठ:
हो, मरतात. पण त्यांच्या घरच्यांनी दाद मागायची ती कशाच्या जोरावर? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तो कागद हातात नसेल तर कंत्राटदार दारातही उभं करणार नाही.

रानवारा:
कागद हातात असूनही किती जणांना उभं करतात? मोर्चा नेल्याशिवाय फाईल हलते का, ते सांगा.