पाळी जायच्या वयात पोटाचा घेर वाढलाय, जेवण कसं बसवू?

वैशाली, सांगली

नमस्कार. वय ४८, उंची ५ फूट १ इंच, वजन ६६ किलो. चाळिशीला ५७-५८ असायचं. गेली दीड-दोन वर्षं पाळीचा काही भरवसा राहिलेला नाही. कधी तीन-तीन महिने पत्ता नसतो, कधी महिन्यात दोनदा येते, आणि आली की खूप जातं. वजन याच काळात चढलं आणि चढलं ते सगळं पोटावर. हातपाय होते तसेच आहेत, पण कुर्ते पोटाशी दाटतात.

पतसंस्थेत बैठी नोकरी आहे. सकाळी सगळ्यांचे डबे करायचे, त्यामुळे तेव्हा नुसता चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि भाजी. पाच वाजता पोटात खड्डा पडतो, तेव्हा भडंग नाहीतर चिवडा आणि पुन्हा चहा. रात्रीचं जेवण मी बंदच केलंय, पपई किंवा सफरचंद खाते. सोमवार आणि एकादशीचा उपास असतो. एवढं कमी खाऊनही काटा जागचा हलत नाही. उलट चिडचिड वाढलीय, आणि रात्री दोनला घामाने जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही.

जाऊबाई म्हणतात, भात-पोळी सगळं सोड. शेजारच्या वहिनी कसल्याशा पावडरचं शेक घेतात, त्यांचं पाच किलो उतरलं, त्या माझ्याही मागे लागल्यात. पण त्याचा महिन्याचा खर्च मला झेपणारा नाही. आमच्या घरात अंडं चालत नाही. आता मी आणखी कमी तरी काय खाऊ?

आशा, कोथरूड

वैशाली, माझंही असंच झालं होतं. रात्री आठच्या आत जेवण, जेवल्यावर सोसायटीतच पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या आणि चहातली साखर निम्मी, एवढ्याने मला बराच फरक पडला. उपाशी मात्र झोपू नकोस गं. त्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात फरसाणाच्या डब्याकडेच जातो.

माई, मिरज

वैशाली, मी सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, आता निवृत्त आहे. तुझ्यासारख्या कितीतरी बायका समोर येऊन बसायच्या आणि पहिला प्रश्न हाच विचारायच्या, "आता आणखी काय सोडू?" म्हणून सविस्तर लिहिते, सवडीने वाच.

तू जास्त खातेस म्हणून हे झालेलं नाही. तू चुकीच्या जागी कमी खातेयस. पाळी जायला लागते तसं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं आणि आधी मांड्या-कमरेवर साठणारी चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठायला लागते. वजन तेवढंच राहिलं तरी पोट दिसायला लागतं ते त्यामुळे. त्याच वयात स्नायूही हळूहळू कमी होत असतात. शरीर बसल्या जागी जी ऊर्जा वापरतं, तिच्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो, आणि जेवणातून रक्तात आलेली साखरही बरीचशी तेच ओढून घेतात. स्नायू घटले की कालपर्यंत पचत होतं तेच जेवण जास्तीचं ठरतं. अशा वेळी उपाशी राहिलं तर चरबीबरोबर उरलेले स्नायूही जातात. हाडांचंही तेच. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, आणि त्या तोंडावर तू रात्रीचं जेवण बंद करून बसलीयेस. मला खरंच काळजी वाटली वाचून.

आता तू लिहिलेल्या दिवसाचा हिशोब करू. एका पोळीत साधारण तीन ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तीन पोळ्यांचे नऊ. भाजीचे दोन. दिवसभराच्या चहातल्या दुधाचे चार-पाच. भडंगातल्या शेंगदाण्यांचे तीन-चार. पपईत नावालाच. बेरीज वीस-बावीसच्या वर जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवून दिलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तुझ्या उंचीला ५३-५५ किलो वजन योग्य धरलं तरी रोज ४५ ग्रॅम लागतात. या वयात मी बायकांना पन्नासच्या पुढेच सांगत आले. म्हणजे तुझं निम्मंही भरत नाही. पाचला पोटात खड्डा पडतो तो उगाच नाही.

अंड्याशिवाय हे भरतं, घरातल्याच जिन्नसांनी भरतं. रात्री मूठभर मूगडाळ भिजत घाल, सकाळी डब्याच्या पोळ्या होतात त्याच तव्यावर दोन धिरडी काढ. त्यातच बारा ग्रॅम आले. डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या ने आणि भाजीबरोबर मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ वाटीभर. रस्सा नको, दाणे हवेत. सोबत दही. पाच वाजता भडंगाऐवजी मूठभर फुटाणे आणि एखादं फळ. भडंग आपल्या सांगलीचा अभिमान आहे, पण त्यात चुरमुरे आणि तेलच जास्त. रविवारी खा, घरच्यांबरोबर खा. रात्री एक ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा घट्ट वरण, पालेभाजी, काकडी-टोमॅटो. इथे आली बघ तू पन्नासच्या घरात, आणि पोळी-भाकरी सोडावी लागली नाही.

जाऊबाईंना सांग, भात-पोळी हे विष नाही. ताटात ते किती आणि त्याच्या शेजारी काय, एवढंच बघायचं. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-दही, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. आपल्याकडे बऱ्याच घरांत याच्या उलट असतं.

तेलाचं कुणी मोजत नाही म्हणून मुद्दाम सांगते. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. फोडणी अंदाजे, पोळीला वरून तेल, कोशिंबिरीला परत फोडणी. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं ते बघ आणि खाणाऱ्या माणसांनी भाग. माणशी अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर तिथेच हात आखडता घ्यायला जागा आहे, आणि तोही एकटीने नाही, घरातल्या सगळ्यांनी.

उपास सोड असं मी कधीच म्हणणार नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. खिचडीची एक भरलेली बशी साडेचारशे-पाचशे कॅलरींच्या घरात जाते आणि प्रथिनं काय ती दाण्याच्या कुटातली. त्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, कपभर दूध. उपासही झाला आणि अंगाला काही लागलंही.

कॅल्शियम या वयात रोज १२०० मिलिग्रॅमपर्यंत लागतं. पेलाभर दुधात २४० च्या आसपास, नाचणीच्या एका भाकरीत पावणेदोनशे, दोन चमचे न सोललेल्या तिळांत सव्वाशे. नाचणी आणि तिळाची चटणी हे जेवणात रोज असू दे. औषध म्हणून नाही, चवीनेच खा.

आणि व्यायाम. तुमच्या सांगलीतल्या आमराई बागेत चालायला जातेस का? जात असशील तर उत्तमच, आठवड्याला १५० मिनिटं भरायला हवीत. पण नुसत्या चालण्याने स्नायू बनत नाहीत. आठवड्यातून किमान दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. त्याला जिम लागत नाही. जरा उंच खुर्ची घे, हात छातीशी धर, उठ आणि सावकाश बस. बसताना धपकन टेकायचं नाही, तिथेच मांड्यांचं काम होतं. दहा वेळा झालं की दम घे, पुन्हा दहा. मग भिंतीला तळहात टेकून दंड. लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातांत घेऊन खांद्यापर्यंत वर-खाली. गुडघे दुखत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखव, पण दुखतात म्हणून बसून राहू नकोस.

पावडरीबद्दल. दिवसातलं एक जेवण काढून त्या जागी काहीही पातळ घेतलं तर वजन उतरतंच, त्याला ती पावडर लागत नाही. ती बंद केली की काय, हे त्या वहिनींना सहा महिन्यांनी विचार.

काट्याबरोबर टेपही वापर. सकाळी, श्वास सोडून, बेंबीच्या थोडं वर. आपल्याकडच्या बायकांसाठी धोक्याची रेषा ८० सेंटीमीटर मानतात. महिन्याला एक किलो उतरलं तरी ते चांगलंच आहे, आणि तीन-साडेतीन किलो उतरले की साखर आणि रक्तदाबावर फरक दिसायला लागतो.

हे सगळं सुरू करण्याआधी एक काम कर. थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), ड जीवनसत्त्व आणि बी-१२ एवढ्या तपासण्या करून घे. थायरॉईड मंदावलं असेल तर त्यानेही वजन चढतं, थकवा येतो आणि पाळी बिघडते, मग सगळं "वयामुळे" म्हणून सोडून दिलं जातं. शिवाय तू म्हणतेस खूप जातं आणि महिन्यात दोनदा येते. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. ही गोष्ट आहाराने सुटणारी नाही.

नीलिमा, ठाणे

माईंनी इतकं नीट लिहिलंय की मी फक्त झोपेचं बोलते. मी नर्स आहे, रात्रपाळ्या केलेल्या आहेत. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि तीही गोडाची, तळणाची. त्यामुळे रात्रीच्या घामाकडे वजनाचाच भाग म्हणून बघ. मला दुपारी चारनंतरचा चहा बंद केल्यावर, रात्री तिखट कमी केल्यावर आणि सुती गाऊन-चादर वापरल्यावर बरंच हलकं गेलं. तरी जाग येत राहिली तेव्हा डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून हार्मोनची औषधं सुरू केली. त्याने घाम थांबला, झोप लागली. पण ती वजन उतरवायची औषधं नव्हेत आणि प्रत्येकीला चालतातही असं नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या होत असतील तर डॉक्टर सहसा देत नाहीत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर कधीच घेऊ नये.

सुधीर, चिपळूण

पुरुषाने इथे विचारलेलं चालेल ना? सौ. ५० ची आहे, तिचीही हीच तक्रार. ती कुणाला विचारत नाही म्हणून मी वाचतोय. आमच्याकडे दोन्ही वेळा भात आणि मासे. भाताशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नाही. काय करावं?

माई, मिरज

सुधीरराव, जरूर विचारा. भात एक वाटी मोजून वाढायचा आणि मासा पोटभर. बांगडा, मांदेली, तारली, सगळं उत्तम. मांदेली काट्यांसकट खाल्ली की कॅल्शियमही मिळतं. फक्त रोज रवा लावून तळण्यापेक्षा तिखलं, कालवण करा. मासा नसेल त्या दिवशी कुळथाची पिठी आहेच की तुमच्याकडे, तिच्यासारखं दुसरं काही नाही. आणि बाजार तुम्ही करत असाल तर एवढं करा, ताटात शेवटी उरलेलं तिने संपवायचं ही पद्धत घरातून काढून टाका. पातेल्यातला उरलेला भात, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, हे बायकांच्या पोटात जातं आणि ते कुठल्याच हिशोबात येत नाही.

वैशाली, सांगली

सगळ्यांचे आभार. माई, तुमचं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सकाळच्या धिरड्यांचं पीठ वाटायचं काम मुलाने घेतलंय.

रिपोर्ट आले. टीएसएच व्यवस्थित आहे. हिमोग्लोबिन १०.२, एचबीए१सी ५.९, ड जीवनसत्त्व कमी. सोनोग्राफी केली, गर्भाशयात छोटी गाठ आहे, डॉक्टरांनी औषधं दिलीत आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी लिहून दिलीय. लोह आणि कॅल्शियम दोन्ही सकाळीच घेतलं तर चालेल का? रात्री मी विसरते. आणि कंबर ८९ भरली.

माई, मिरज

बरं झालं वेळेत दाखवलंस. दोन्ही एकत्र घेऊ नकोस, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसमध्येच घे, लिंबूपाण्याबरोबर. तिच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नको. पोटात मळमळलं तर जेवणानंतर घे, पण बंद करू नकोस. शौचाला काळी होते, घाबरू नकोस. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. विसरायला होतं ना, मग ती पट्टी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारीच ठेव. पुडी दुधातून, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच आठवडे, मनाने पुढे चालू ठेवायची नाही.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पण हिमोग्लोबिन कमी असताना हा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही एकदा करून घे. खुर्चीवरून उठबस आजपासून सुरू कर, फक्त अशक्तपणा आहे तोवर दहाऐवजी पाच-सहा पुरे. धाप लागली किंवा छातीत धडधडलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. आणि पुढे कधी पाळी सलग वर्षभर थांबून त्यानंतर डाग जरी दिसला, तरी वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवायचं.